स्वादुपिंड

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, उदराच्या पाठीकडील भिंतीला लागून आडवी पसरलेली ग्रंथी आहे. अन्न पचवणारा रस आतड्यात सोडणे आणि रक्तातील साखरेचे नियमन करणारी संप्रेरके थेट रक्तात मिसळणे, ही दोन भिन्न कार्ये ती करते. म्हणून तिची गणना बहिःस्रावी व अंतःस्रावी अशा दोन्ही ग्रंथींमध्ये होते.

रचना

प्रौढ व्यक्तीचे स्वादुपिंड सुमारे १५ सेंटिमीटर लांब असते. त्याचे उजवीकडील रुंद शीर्ष लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या, म्हणजे ग्रहणीच्या, वळणात सामावलेले असते. निमुळते पुच्छ डावीकडे प्लीहेपर्यंत पोहोचते. ग्रंथीच्या लांबीभर जाणारी मुख्य नलिका बहुधा पित्तनलिकेला मिळून ग्रहणीत उघडते.

पाचक रस

ग्रंथीचा बहुतांश भाग द्राक्षांच्या घडासारख्या पेशीगुच्छांचा असतो. त्यातून दररोज सुमारे दीड लिटर रस स्रवतो. त्यातील बायकार्बोनेट जठरातून आलेल्या आम्लाचे उदासिनीकरण करते. अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थांचे, लायपेज स्निग्ध पदार्थांचे, तर ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन प्रथिनांचे विघटन करतात.

ग्रंथी स्वतःही प्रथिनांचीच बनलेली असल्याने प्रथिने पचवणारी विकरे तिच्यात निष्क्रिय रूपात तयार होतात. ट्रिप्सिनोजेन ग्रहणीत पोहोचल्यावर तेथील एंटेरोकायनेज या विकरामुळे त्याचे ट्रिप्सिन बनते आणि ते इतर विकरांना सक्रिय करते. शिवाय, ग्रंथीतच चुकून थोडे ट्रिप्सिन तयार झाले, तर त्याला रोखणारे प्रथिनही पेशी निर्माण करतात.

रस केव्हा स्रवावा, हे मुख्यतः ग्रहणीतून येणारी सेक्रेटिन व कोलेसिस्टोकायनिन ही संप्रेरके ठरवतात. यांपैकी सेक्रेटिनचा शोध १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी लावला.

संप्रेरके

पेशीगुच्छांमध्ये विखुरलेल्या पेशींच्या लहान बेटांना लँगरहॅन्स द्वीपके म्हणतात. ग्रंथीच्या वजनात त्यांचा वाटा एक ते दोन टक्केच असतो. त्यांतील बीटा पेशी इन्शुलिन स्रवतात. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की इन्शुलिनमुळे ती स्नायू व मेदपेशींमध्ये शिरते आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवली जाते. उपवासात साखर उतरू लागली की अल्फा पेशींतील ग्लुकॅगॉन यकृताला हा साठा मोकळा करावयास लावते. डेल्टा पेशींतील सोमॅटोस्टॅटिन या दोन्हींच्या स्रवणाला आवर घालते.

शोधाचा इतिहास

पॉल लँगरहॅन्स यांनी १८६९ मध्ये या द्वीपकांचे वर्णन केले. त्यांचे कार्य मात्र तेव्हा अज्ञात होते. १८८९ मध्ये मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकताच त्याला मधुमेह जडल्याचे दाखवून दिले. त्यानंतर ग्रंथीच्या अर्कातून साखर नियंत्रित करणारा घटक मिळवण्याचे प्रयत्न झाले. त्यात एक अडचण होती: इन्शुलिन हे प्रथिन असल्याने ग्रंथीतील पाचक विकरेच ते नष्ट करतील, अशी शंका होती. नलिका बांधून पाचक पेशी निकामी कराव्यात, या कल्पनेने फ्रेडरिक बँटिंग यांनी १९२१ मध्ये टोरांटो येथे चार्ल्स बेस्ट यांच्यासह प्रयोग सुरू केले. पुढे नलिका न बांधताही अल्कोहोलच्या साहाय्याने अर्क काढता येतो, असे आढळले. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाची साखर उतरली. त्यापूर्वी अशा मुलांचा मृत्यू जवळजवळ अटळ असे. पोटात घेतलेले इन्शुलिन पचून जाते, म्हणून ते सहसा सुईने द्यावे लागते.

विकार

विकरे ग्रंथीतच सक्रिय झाल्यास ती स्वतःच्याच ऊती पचवू लागते. या विकाराला तीव्र स्वादुपिंडदाह म्हणतात. पित्तखडे व अतिमद्यपान ही त्याची प्रमुख कारणे होत. पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीकडे जाणारी तीव्र वेदना हे मुख्य लक्षण असून अशा वेळी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. रक्तातील लायपेज व अमायलेज यांच्या वाढलेल्या प्रमाणावरून निदानास मदत होते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा बीटा पेशी नष्ट करते, त्यामुळे रुग्णाला आयुष्यभर इन्शुलिन घ्यावे लागते. स्वादुपिंडाचा कर्करोग मात्र ग्रंथी खोलवर असल्याने आणि आरंभी लक्षणे अस्पष्ट असल्याने बहुधा उशिरा लक्षात येतो.