पित्त, जेवण आणि झोप

‘पित्त झालंय’ हे आपलं रोजचं वाक्य. शरीरशास्त्रातलं पित्त यकृतात तयार होतं. आपल्या छातीत जळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. पण बोलीतला शब्द कोण बदलणार? मीही पित्तच म्हणतो.

जठराच्या अस्तरावर बुळबुळीत थर असतो, म्हणून त्याला हे जहाल आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तसं चिलखत नाही. दोहोंच्या मध्ये स्नायूंचं एक कडं आहे. घास उतरताना ते उघडतं, एरवी मिटलेलं असतं. पोट तुडुंब भरलं, की ते सैलावतं. तंबाखू आणि दारूनंही सैलावतं. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. बसलेले असतो तोवर आम्ल खाली राहतं, आडवे झालो की वर सरकतं.

आम्हा कवींची जात यात पहिली सापडते. संमेलन रात्री एकला संपतं, मग तर्रीदार रस्सा, भजी, आणि अर्ध्या तासात सतरंजीवर घोरणं! रमजानमध्येही हेच. सहेरीला भरपेट जेवून लगेच पांघरूण ओढलं, की छातीत आग होते. रोजा सोडताना खजूर आणि पाणी दिल्यावर आई आम्हांला थोडं थांबायला लावायची. भज्यांचं ताट नंतर यायचं, तेही बेतानं.

जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत. डाव्या कुशीवर झोपल्यानं त्रास कमी होतो. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवावी. नुसत्या उशा रचू नयेत, त्यानं पोट दुमडतं.

तिखटानं अल्सर होतो, असं आपण लहानपणापासून ऐकलं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जंतू शोधला. 1984 मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन पाहिला! दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. बहुतेक अल्सर या जंतूनं किंवा वेदनाशामक गोळ्यांनी होतात. तिखटानं जळजळ वाढते, ती वेगळी. तेव्हा दुकानातून आणलेली पित्ताची गोळी महिनोन्‌महिने गिळत राहण्यापेक्षा एकदा तपासून घेतलेलं बरं.

माझा एक कविमित्र ‘गॅस आहे’ म्हणत रात्रभर सोडा पीत बसला. सकाळी कळलं, तो हृदयविकाराचा झटका होता. वाचला, पण आता जिना चढताना दोनदा थांबतो. छाती आवळल्यासारखी वाटणं, दरदरून घाम, दम लागणं, कळ डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं जाणं, यातलं काहीही असेल तर सोड्याची बाटली बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी कधी छातीत फारसं दुखतही नाही, नुसतं मळमळतं आणि गळून गेल्यासारखं होतं. शौचाला डांबरासारखं काळं होणं, घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, ही लक्षणंही डॉक्टरांना लगेच दाखवायची.