आधी कागद, मग जीप!

हिरवी जुनी जीप, फोर बाय फोरचा दांडा आणि डोक्यावर उघडं आकाश... स्वप्न एकदम भारी! पण टोकनचे पैसे खिशातून काढण्याआधी आमची ही बपेरा ट्रिप वाचाच.

शुक्रवारी रात्री साडेअकराला मोबाइल वाजला. 'सकाळी सहाला तयार राहा. जीप बघायला जायचंय. मिलिटरीची!' एवढं बोलून मित्रानं फोन ठेवलासुद्धा.

हा मित्र म्हणजे नागपूरच्या एका आयटी कंपनीत आठवडाभर एसीत बसून स्क्रीनकडे टक लावणारा प्राणी. त्याच्या डोक्यात गेली दोन वर्षं एकच किडा. गाडी घेईन तर जुनी जीपच! हप्त्यावरची चकचकीत हॅचबॅक त्याला नको. त्यासाठी त्यानं पै पै करून अडीच लाख जमवले होते. आणि आता एका एजंटनं फोटो पाठवला होता. हिरवागार रंग, बॉनेटवर पांढरी चांदणी, 'लष्कराच्या लिलावातली ओरिजिनल गाडी'. किंमत? बरोब्बर अडीच लाख. साहेब रात्रभर झोपले नसणार, हे सांगायला नकोच.

मी का गेले? एक तर मला स्टोरी हवी होती. आणि दुसरं म्हणजे, पैसे मोजताना शेजारी कुणीतरी शुद्धीवर असलेलं बरं!

चलो बपेरा

भंडारा, तुमसर, सिहोरा करत आम्ही बपेऱ्याला पोचलो. महाराष्ट्राचं हे अगदी टोक. बावनथडी नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. त्यामुळे रस्त्यावर एमएच-३६ आणि एमपी-५० अशा दोन्ही नंबरांच्या गाड्या गुण्यागोविंदानं फिरतात, आणि बोलण्यातही मराठी-हिंदीची मस्त भेळ. धानाची कापणी झालेली, बांध्या रिकाम्या, घराघरापुढे तणसाचे ढीग.

एजंट चौकातच उभा होता. तो आम्हाला एका शेतकरी काकांच्या कोठ्यात घेऊन गेला. बैलांच्या शेजारी ताडपत्रीखाली ती उभी होती. ताडपत्री ओढली आणि मित्राचा चेहरा असा काही खुलला, की कॉलेजमध्ये पहिलं प्रेम भेटलं तेव्हाही खुलला नसेल. 'घेतली!' तो म्हणाला. अजून बॉनेटही उघडलं नव्हतं, बरं का!

मिलिटरीची? कोण म्हणतं?

चहा आला. मी सहज विचारलं, 'काका, लष्कराकडून कधी घेतली?'

काका हसायला लागले. 'मिलिटरीची कोन म्हनलं तुमाले, पोरी? हे तं साधी महिंद्राची जीप हाय. माह्या साळ्यानं घेतली होती, तिकडं बालाघाटले. रंग तं ह्या भाऊनं मारला, मागच्या महिन्यात.'

एजंट तणसाच्या ढिगाकडे बघू लागला.

आता इथं थोडा इतिहास सांगायलाच हवा. जीपचा जन्म युद्धातला. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. ती बॉनेटवरची पांढरी चांदणी त्या अमेरिकन सैन्याची. भारतीय लष्कराशी तिचा काही संबंध नाही! १९४७ मध्ये महिंद्रानं मुंबईत विलिसची जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल कित्येक वर्षं बनत राहिलं. त्याचं बॉनेट उंच, कारण आतलं 'हरिकेन' पेट्रोल इंजिनच उंच. लष्करात गेली तीही महिंद्रा आणि शेतात राबली तीही महिंद्रा. म्हणजे दिसायला बहिणी, पण जन्मदाखले वेगळे.

खरी फौजी पोरगी बघायची तर जोंगा! जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्लीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. मूळ डिझाइन निसान पेट्रोलचं, पोटात चार लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन. मायलेज विचारून स्वतःला त्रास करून घेऊ नका. १९९९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. २०१९ मध्ये धोनी रांचीत हिरवी जोंगा चालवताना दिसला आणि तिची क्रेझ पुन्हा उसळली. मारुतीची जिप्सी तर आपण सगळ्यांनीच नागझिरा-पेंचच्या सफारीत बघितलीय. १९८५ मध्ये आली आणि लष्करातही खूप चालली.

पत्र्याच्या पेटीतला बॉम्ब

'कागद हायेत ना,' म्हणत काकांनी पत्र्याची पेटी आणली. आतून पिवळं पडलेलं आरसी बुक निघालं. एकेक पान उलटत गेलं आणि मित्राचा चेहरा उतरत गेला.

नाव काकांच्या साळ्याचं, आणि ते सहा वर्षांपूर्वी वारले. म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करा. नोंदणी मध्य प्रदेशातली, म्हणजे तिथून फॉर्म २८ ची एनओसी आणा, मग महाराष्ट्रात कर भरून नवा नंबर घ्या. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते इथं केव्हाच संपलेलं. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ती आणखी वाढली. वर पर्यावरण कर.

हे सगळं एक वेळ झालं असतं. पण शेवटी मित्रानं बॉनेट उघडलं. आरसी बुकात इंधन पेट्रोल, आणि समोर डिझेल इंजिन! 'पेट्रोल परवडे नाई, बापू. तुमसरच्या मंडीत धान न्याचे, तं डिझेल बसवलं,' काका शांतपणे म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. त्या काळात खेडोपाडी हेच चालायचं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत आहे त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच बजावलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते.

आणि तो मस्त हिरवा रंग? केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे एजंटनं खर्च करून रंगवलेली गाडी पुन्हा रंगवणं आलंच!

'कागदाचं होऊन जाईल भाऊ, पाच हजार टोकन टाका,' एजंट म्हणाला. मित्राचा हात खिशाकडे गेला. मी काही बोलणार, तोच काका म्हणाले, 'राहू दे बापू. उद्या तू अडकशील अन् नाव माहं खराब होईल.'

आणि तरीही...

मग काकांनी चावी मित्राच्या हातात ठेवली. 'आलाच हाय तं चालवून पाय, माह्या वावरात.'

स्टीअरिंगला इतका प्ले, की आधी फिरवा, मग वाट बघा. ब्रेक दाबायचे म्हणजे जिमच! पण छोटा दांडा ओढून फोर व्हील लो टाकला आणि जीप बांधीचा धुरा अशी चढली, जशी म्हातारी आजी सवयीनं पायरी चढते. पाटे करकरले, आम्ही दोघं हवेत उडालो, काका मागे बसून हसत होते. स्पीड? फार तर वीस. तरीही मित्र गेल्या वर्षभरात इतका हसला नव्हता. स्क्रीन नाही, बीप नाही. गाडी काय म्हणतेय ते हाताला आणि पायाला कळतं. बहुतेक त्यासाठीच लोक या लोखंडाच्या मागे वेडे होतात.

आम्ही रिकाम्या हातानं परतलो. अडीच लाख अजून बँकेतच आहेत. मित्र आता फोटो मागवत नाही, आधी आरसीची कॉपी मागवतो. काकांची जीप अजून त्याच कोठ्यात आहे. हा मात्र दर महिन्याला एखादा रविवार बपेऱ्याला जातो, काकांबरोबर तिचे ब्रेक खोलतो आणि हात काळे करून सोमवारी ऑफिसला येतो. परवा विचारलं, 'मग, घेणार कधी?'

'कागद जुळले की,' तो म्हणाला. 'तोपर्यंत दुरुस्ती तरी शिकून घेतो!'

जीप घेताय? हे बघाच!

• चासीवर ठोकलेला नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. इंधनाचा प्रकारही.

• लष्कराच्या गाडीचा नंबर बाणाच्या खुणेनं सुरू होतो. लिलावातल्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो. लिलावाचे मूळ कागद नसतील तर नोंदणी विसरा.

• चासीवर वेल्डिंग, फ्लोअरला गंज आणि चालताना गिअर सुटणं, या तीन गोष्टी खिसा रिकामा करतात.

• फोर व्हील खरंच लागतंय का, ते मऊ मातीत चालवून बघा. नुसता दांडा हलला म्हणजे झालं असं नाही.

• ५० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ पासून वेगळी 'व्हीए' नोंदणी आहे. पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन वगैरेंसाठीच!