रणगाड्यातून थेट फळ्यापाशी

तुमच्या कॉलेजात सर वर्गात येतात तेव्हा काय होतं? निम्मे उठल्यासारखं करतात, निम्मे मोबाइल बेंचखाली सरकवतात आणि हजेरी सुरू झाली की मागच्या बाकावरून कुणीतरी स्वतःच्या नावाबरोबर मित्राच्या नावालाही ‘येस सर’ म्हणून मोकळं होतं.

आता वेस्ट पॉइंटचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठावर अमेरिकी लष्कराची ही अकादमी १८०२ पासून उभी आहे. तासाची वेळ झाली की सगळे कॅडेट सावधानमध्ये. त्यांच्यातलाच एक जण शिक्षकाला सॅल्यूट करतो आणि किती हजर, किती गैरहजर याचा रिपोर्ट देतो. प्रॉक्सीला वावच नाही, कारण वर्गात मुळात अठराच्या आसपास मुलंमुली. कोण आलं नाही हे भिंतीलासुद्धा कळेल.

गणवेश फक्त मुलांच्या अंगावर नाही, शिक्षकाच्याही अंगावर आहे. वय तिशीच्या आसपास, हुद्दा कॅप्टन किंवा मेजर. तीन-चार वर्षांपूर्वी याच माणसाच्या हाताखाली शंभर-दीडशे सैनिकांची कंपनी होती. मग दोन वर्षं तो एखाद्या विद्यापीठात, अगदी तुमच्यासारखाच, डेडलाइनच्या आदल्या रात्री पेपर लिहीत बसला होता. आणि आज तो पहिल्या वर्षाच्या कॅडेटना कविता शिकवतोय. हो, कविता! वेस्ट पॉइंटला इंग्रजी आणि तत्त्वज्ञानही रीतसर शिकवलं जातं आणि तिथेही असे गणवेशातले शिक्षक असतात.

हा माणूस इथे आला कसा? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कशाला आला?

सैन्यात बदली म्हटली की आपल्यासमोर एकच चित्र येतं: वरून हुकूम आला, बॅग भरली, निघाले. वेस्ट पॉइंटची शिक्षकाची पोस्टिंग मात्र मागावी लागते. अधिकारी स्वतःहून अर्ज करतो, तोही थेट त्या विषयाच्या विभागाकडे. गणित, इतिहास, भौतिकशास्त्र, समाजशास्त्रं, प्रत्येक विभाग आपापली माणसं शोधत असतो. अर्जदार वेस्ट पॉइंटचाच माजी विद्यार्थी असावा, अशी अट नाही. साध्या नागरी कॉलेजातून अधिकारी झालेलेही अर्ज करतात.

अर्जात काय काय लागतं ते बघा. कॉलेजच्या सगळ्या मार्कलिस्टा. जीआरईचा स्कोअर. शिफारसपत्रं. आपल्याला का शिकवायचंय हे सांगणारं पत्र. इथवर हे एखाद्या स्कॉलरशिपच्या फॉर्मसारखंच वाटेल. पण त्याच फाइलमध्ये वरिष्ठांनी त्याच्या कामगिरीबद्दल वर्षानुवर्षं लिहिलेले अहवालही जातात. म्हणजे एकाच माणसाला दोन तराजूंत तोललं जातं. पुस्तकात हुशार पण पलटणीत ढिला असेल तर गेला. पलटणीत वाघ पण मार्कलिस्ट बघून मान खाली घालावी लागत असेल, तरी अवघडच.

आणि सगळ्यात कळीची अट म्हणजे आधी कंपनीची कमान सांभाळून झालेली हवी. विचार केला तर ही अट फार शहाणपणाची आहे. समोर बसलेल्या कॅडेटला चार वर्षांनी लेफ्टनंट होऊन वयाने मोठ्या सार्जंटांसमोर उभं राहायचंय. त्यांना पहिल्या दिवशी काय सांगायचं, चूक झाली तर ती कशी कबूल करायची, हे कुठल्याच टेक्स्टबुकात नसतं. समोरचा कॅप्टन त्यातून नुकताच गेलेला असतो. तास संपल्यावर दारापाशी रेंगाळणारी मुलं त्याला बहुतेक हेच विचारत असणार. कॅल्क्युलसच्या शंका काय, दुसऱ्या दिवशीही विचारता येतात.

निवड झाली म्हणजे लगेच खडू हातात येतो असं मात्र नाही. बहुतेकांकडे तेव्हा फक्त पदवी असते. म्हणून सैन्य त्यांना साधारण दोन वर्षांसाठी नागरी विद्यापीठात मास्टर्स करायला पाठवतं. फी सैन्याची आणि पगार पूर्ण चालू! ऐकूनच आपल्यापैकी अनेकांना जळजळ होईल. पण विद्यापीठाचा प्रवेश ज्याचा त्याने मिळवायचा, तिथे सैन्याची ओळख कामाला येत नाही. शिवाय दोन वर्षांत डिग्री पुरी करायची. ‘गाइड वेळ देत नाहीत’ हे कारण ऐकायला कुणी बसलेलं नसतं. त्यानंतर वेस्ट पॉइंटला साधारण तीन वर्षं शिकवायचं आणि मग परत पलटणीत. हे सगळं वेळापत्रक आधीच आखावं लागतं. आज अर्ज करणारा अधिकारी फळ्यासमोर उभा राहतो तो जवळजवळ तीन वर्षांनी.

फुकट मात्र काहीच नाही. सैन्याच्या खर्चाने शिकलेल्या प्रत्येक दिवसाचे तीन दिवस सेवेच्या रूपाने फेडायचे, असा हिशोब आहे. दोन वर्षं शिकलात तर सहा वर्षं बांधलात. शिकवण्याची वर्षं त्यात धरली जातात, तरीही उरतंच.

शिकवण्याची पद्धतही इथली खास आहे. १८१७ ते १८३३ या काळात सिल्व्हॅनस थेअर हे अकादमीचे प्रमुख होते. त्यांनी घालून दिलेला नियम असा की, धडा कॅडेटने आधी स्वतः वाचून यायचा आणि वर्गात तो वाचला की नाही हे दिसायचं. गणिताच्या तासाला सगळे उठून भिंतीवरच्या फळ्यांपाशी जातात, उदाहरण सोडवतात आणि मग कुणालाही समजावून सांगायला बोलावलं जातं. आपल्याकडे ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणून ज्यावर सेमिनार होतात, ते इथे दोनशे वर्षं चालू आहे. अशा वर्गात नोट्स डिक्टेट करून वेळ मारून नेणारा शिक्षक टिकणार नाही. म्हणून नव्या शिक्षकांना पहिलं सत्र सुरू होण्याआधी उन्हाळ्यात तालीम करावी लागते. सरावाच्या तासाला विद्यार्थ्यांच्या बाकावर जुने प्राध्यापक बसतात आणि मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारतात.

आता खरी मेख. पलटणीपासून चार-पाच वर्षं लांब राहणं अधिकाऱ्याला परवडतं का?

अमेरिकी सैन्यात ‘वर चढा नाहीतर बाहेर पडा’ असा मामला आहे. बढतीच्या यादीतून दोनदा नाव गळलं की सहसा घरचा रस्ता. बरोबरीचे लोक मोहिमांवर जातात, अनुभव आणि पदकं गोळा करतात, आणि आपण इकडे निबंध तपासत बसलेलो. इराक आणि अफगाणिस्तानच्या वर्षांत हा प्रश्न फार टोकदार झाला होता. परत गेल्यावर मेजरच्या हुद्द्यावरचा स्टाफ कोर्स करायचा, मग बटालियनमधली महत्त्वाची पदं सांभाळायची, आणि हे सगळं पुढच्या बढतीच्या बोर्डाआधी कमी वेळात उरकायचं. म्हणजे शिकवण्याचा अर्ज भरताना अधिकारी खरं तर आपली बढती पणाला लावतो.

तरी लोक अर्ज करतात, आणि इतिहास बघितला तर त्यांचं फार वाईट झालेलं दिसत नाही. ओमर ब्रॅडली १९२० ते १९२४ या काळात वेस्ट पॉइंटला गणित शिकवत होते. पहिल्या महायुद्धात त्यांना युरोपात जायलाच मिळालं नव्हतं, त्यामुळे आपली कारकीर्द संपल्यात जमा, असं त्यांना वाटत होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच गणिताच्या मास्तरांच्या हाताखाली युरोपात दहा लाखांहून अधिक सैनिक लढले.

एच. आर. मॅकमास्टर यांची गोष्ट तर सिनेमासारखी. २६ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध. वाळूच्या वादळात हा कॅप्टन आपले नऊ रणगाडे घेऊन इराकी फळीवर धडकला आणि अर्ध्या तासाच्या आत ती फळी मोडून काढली. या लढाईचं नाव ‘७३ ईस्टिंग’. त्यानंतर त्याने काय करावं? नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात इतिहास शिकायला जावं! १९९४ ते १९९६ मध्ये तो वेस्ट पॉइंटला इतिहास शिकवत होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या नेत्यांनी आणि खुद्द वरिष्ठ सेनापतींनी कशी कच खाल्ली, यावर त्याने पीएचडी केली आणि १९९७ मध्ये त्याचं पुस्तक झालं. नोकरीत असलेल्या मेजरने आपल्याच सैन्याच्या माजी सेनापतींवर बोट ठेवायचं, ही काय साधी गोष्ट आहे? पुढे ब्रिगेडियर जनरलच्या यादीतून मॅकमास्टर यांचं नाव दोनदा गळलं. तिसऱ्या खेपेला, २००८ मध्ये, ते आलं. त्या निवड मंडळाचे प्रमुख होते डेव्हिड पेट्रेयस. आणि हे पेट्रेयस कोण? १९८० च्या दशकात वेस्ट पॉइंटच्या समाजशास्त्रं विभागात शिकवता शिकवता प्रिन्स्टनची पीएचडी पुरी करणारे. त्यांचा विषयही व्हिएतनामच.

पण मला स्वतःला या सगळ्यांपेक्षा जॉर्ज लिंकन जास्त आवडतात. दुसऱ्या महायुद्धात जनरल मार्शल यांच्या हाताखाली ते युद्धाच्या योजना आखत होते आणि तरुण वयातच ब्रिगेडियर जनरल झाले होते. पण त्यांना शिकवायचं होतं आणि वेस्ट पॉइंटला जागा होती ती कर्नलची. १९४७ मध्ये ते खांद्यावरचा तारा उतरवून, स्वतःच्या इच्छेने कर्नल होऊन तिथे रुजू झाले. ते रमले ते तिथेच. ज्या सैन्यात हुद्दा म्हणजे सगळं काही, तिथे हे करायला काय लागत असेल, याचा अंदाज आपण फक्त बाहेरून करायचा.

या व्यवस्थेवर टीका होत नाही असं अजिबात नाही. दोन वर्षांच्या मास्टर्सवर शिकवायला उभा राहिलेला माणूस विषयात किती मुरलेला असणार? शिकवण्यात जरा हात बसतो, तोच जायची वेळ होते. ही टीका खरीच आहे. १९९० च्या दशकात अमेरिकी संसदेने लष्कर आणि हवाई दलाच्या अकादम्यांना नागरी प्राध्यापक वाढवायला भाग पाडलं. तरी वेस्ट पॉइंटला आजही गणवेशवालेच बहुसंख्य आहेत. त्यांतले काही पीएचडी करून कायमचे तिथेच राहतात, त्यामुळे विभागाचा कणा टिकतो. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत तर पहिल्यापासून वेगळी घडी, नागरी आणि गणवेशातले शिक्षक साधारण निम्मे-निम्मे. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षाला कॅप्टन हवा आणि शेवटच्या वर्षाला मुरलेला प्राध्यापक. पण मला कोण विचारतंय!

एक फायदा मात्र कुठल्याच टीकेने कमी होत नाही. तीन वर्षं संपवून हा शिक्षक मेजर म्हणून पलटणीत परततो, तेव्हा तिथे कुणीतरी तरुण लेफ्टनंट त्याला सॅल्यूट करतो आणि दोघांनाही एकदम आठवतं की, याने इंग्रजीच्या पेपरात सी काढला होता.

आता जरा घराजवळ या. पुण्याहून सिंहगडाच्या वाटेने निघालात की खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे एनडीएचा घुमट दिसतो. तिथेही कॅडेटना तीन वर्षांत पदवी मिळते, जेएनयूची. पण आपण उत्तर वेगळं निवडलंय. एनडीएत विषय शिकवणारे बहुतेक प्राध्यापक नागरी आहेत आणि वर्षानुवर्षं तिथेच शिकवतात. लष्करी प्रशिक्षण, स्क्वाड्रनमधलं वळण, चुकलं की कान पकडणं, हे गणवेशातल्या अधिकाऱ्यांकडे. कंपनी सांभाळून मग एमए करून परत वर्गात उभा राहिलेला कॅप्टन आपल्या व्यवस्थेत सहसा सापडत नाही.

तुमच्या दृष्टीने यात एक चांगली बातमी आहे. अशा अकादमीत शिकवायला आधी रणगाडा चालवावा लागत नाही. एनडीएतल्या सहायक प्राध्यापकांची भरती यूपीएससीमार्फत होते. पात्रता साधारण कुठल्याही कॉलेजातल्या प्राध्यापकासारखी, म्हणजे पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा पीएचडी. गणवेश घालूनच शिकवायचं असेल तर लष्कराची एज्युकेशन कोअर आहे. तिला १९२१ मध्ये सुरुवात झाली आणि तिचं केंद्र पंचमढीला आहे. नौदल आणि हवाई दलातही शिक्षण शाखा आहेत. हवाई दलासाठी एएफकॅट द्यावी लागते. तिन्हीकडे एसएसबीची मुलाखत ठरलेली, आणि पदव्युत्तर शिक्षणाचे विषय नि टक्के यांच्या अटी जाहिरातीगणिक बदलतात. त्यामुळे सिनियरने सांगितलेल्यावर जाऊ नका, चालू वर्षाची जाहिरात स्वतः उघडून वाचा.

आणि एसएसबीला जाताना ‘लहानपणापासून गणवेशाचं आकर्षण’ हे वाक्य घरीच ठेवून जा. ते तिथे रोज ऐकतात.