माशाच्या पोटात वाढणारा पट्टकृमी

उत्तरेकडच्या थंड तळ्यांत स्टिकलबॅक नावाचा, पाठीवर तीन काटे असलेला बोटभर मासा राहतो. कोळंबीच्या गोतातला एक सूक्ष्म जीव त्याने गिळला, की त्यातून शिस्टोसेफॅलस हा पट्टकृमी त्याच्या उदरपोकळीत शिरतो. मग तो वाढतच राहतो. कधीकधी त्याचे वजन माशाच्या वजनाच्या बरोबरीला येते. एवढा मोठा परका जीव अंगात असताना प्रतिकारशक्ती गप्प कशी?

उत्तराचा धागा कृमीच्या स्रावात आहे. प्रयोगशाळेत माशाच्या पांढऱ्या पेशींवर हा स्राव टाकला, की त्यांचे वागणे बदलते. डिफायलोबोथ्रियम या माशांतल्याच दुसऱ्या पट्टकृमीत तर प्रोस्टाग्लँडिन ई-२ सापडले आहे. आपल्याला ताप आणणारा हाच रेणू. पण तो टी-पेशींना आवरही घालतो. यजमानाच्याच ओळखीचा लगाम कृमीने हाती घ्यावा, हे मला फार विलक्षण वाटते.

मासेही स्वस्थ बसलेले नाहीत. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या काही तळ्यांतले स्टिकलबॅक पोटात तंतुमय ऊती तयार करून कृमीची वाढ खुंटवतात. त्याची किंमत जबर: अशा माद्यांची वीण घटते. काही तळ्यांतल्या माशांनी हा उपाय सोडूनच दिला आहे; ते कृमी सोसतात.