समुद्राचा पंचनामा

शेतात पीक बुडाले म्हणजे तलाठी येतो, बांधावर उभा राहून पाहतो, पंचांच्या सह्या घेतो आणि नुकसानीचा कागद तयार होतो. त्या कागदावर पैसे किती मिळतात आणि केव्हा मिळतात, हा प्रश्न निराळा. परंतु निदान पाहण्याजोगे काही तरी समोर पडलेले असते. दर्यात मासळीच मिळाली नाही, तर तलाठ्याने कोठे उभे राहावे?

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार 'मत्स्यदुष्काळ जाहीर करा' अशी मागणी करीत आले आहेत. शहरातील पुष्कळ सुशिक्षितांना ती ऐकून हसू येते. समुद्राला कसला दुष्काळ, असे ते विचारतात. आम्हांला ही मागणी हसण्यावारी नेण्याजोगी वाटत नाही. तिचा अर्थ समजून घ्यायचा, तर आपल्याकडे सरकारी मदतीचा हिशोब कोणत्या मापाने होतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

हे माप मोडतोडीचे आहे. आपत्ती निवारणाच्या निधीतून मदत मिळते ती ठरावीक आपत्तींसाठी. त्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, गारपीट आहे, पिकांवरील कीडही आहे; मासळीचा तुटवडा नाही. बरे, वादळ झाले तरी मोजायचे काय? नौका आणि जाळे. २०१५ ते २०२० या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या नौकेला ९,६०० रुपये, मोडलेल्या नौकेच्या दुरुस्तीला ४,१०० रुपये आणि पूर्ण गेलेल्या जाळ्याला २,६०० रुपये होते. २०२१ साली तौक्ते वादळानंतर राज्याने आपली भर घालून नष्ट झालेल्या नौकेचा आकडा २५,००० पर्यंत नेला. यांत्रिक नौकेला लाखो रुपये पडतात, हे किनाऱ्यावरील शाळकरी पोरही सांगेल. पण रकमेचा तुटपुंजेपणा घटकाभर बाजूला ठेवू. नौका शाबूत आहे, जाळे वाळूवर कोरडे पडले आहे आणि घरात पैसा नाही, ही अवस्था या मापात बसतच नाही.

नेमकी हीच अवस्था २०१९ साली आली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास नौका बाहेर पडतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईवर वर्षाचे कर्ज फिटायचे असते. त्या साली पाऊस लांबला, वारा शमेना. ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार हे महाचक्रीवादळ उठले आणि त्याच्या पाठोपाठ 'महा' आले. गंमत अशी की, क्यार आपल्या किनाऱ्यावर आदळलेच नाही. ते अरबी समुद्रातून पश्चिमेकडे निघून गेले. घरे पडली नाहीत म्हणून वर्तमानपत्रे हायसे वाटल्याचे लिहून मोकळी झाली. इकडे देवगडसारख्या सुरक्षित बंदरांत परराज्यांतील नौकासुद्धा आश्रयाला येऊन खेटून उभ्या होत्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीप्रमाणे त्या वर्षी महाराष्ट्रात सुमारे २ लाख टन सागरी मासळी उतरली. गेल्या पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक होता. आदल्या वर्षीच्या मानाने घट जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची.

येथे राज्य सरकारने जे केले, त्याचे महत्त्व आम्हांला फार वाटते. २०२० साली या दोन वादळांसाठी सुमारे ६५ कोटी रुपयांची खास मदत मंजूर झाली, आणि ती मोडलेल्या लाकडासाठी नव्हती, तर बुडालेल्या दिवसांसाठी होती. रापण ओढणाऱ्या संघाच्या प्रत्येक सभासदाला १० हजार, बिगरयांत्रिक आणि लहान यंत्राच्या नौकेला २० हजार, मोठ्या यंत्राच्या नौकेला ३० हजार, आणि मासे विकणाऱ्या बायांना शीतपेट्यांसाठी ३ हजारांपर्यंत, असे तिचे स्वरूप होते. रक्कम थोडी, उशीरही झालेला. तरीपण दर्यावर न जाता आल्याने होणारे नुकसान हे नुकसानच आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

मात्र यांत्रिक नौकेची मदत नौकेच्या नावे, म्हणजे मालकाच्या नावे. तांडेल आणि खलाशी यांचे काय? जेथे डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा जाता उरलेल्या मिळकतीचे वाटे पडतात, तेथे मासळी नाही तर खलाशाच्या वाट्याला शून्य येते. आणि बंदरावर लिलावात पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईला तीन हजारांची पेटी दिली, तरी पेटीत भरायचे काय, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत हा प्रश्न कायद्याने निराळ्या रीतीने हाताळला आहे. तेथे मत्स्यव्यवसायाची आपत्ती हा स्वतंत्र प्रकार आहे. राज्याच्या गव्हर्नराने मागणी करावयाची आणि केंद्राच्या वाणिज्यमंत्र्याने निर्णय द्यावयाचा. मोजले जाते ते उत्पन्न: मागील पाच वर्षांच्या सरासरीच्या मानाने घट ३५ टक्क्यांहून कमी असेल तर मदत नाही, ८० टक्क्यांच्या वर असेल तर फारसा वाद उरत नाही, मधल्या घटीची छाननी होते. २००८ साली सॅक्रॅमेंटो नदीतील सामन माशांची संख्या कोसळली, कॅलिफोर्नियाच्या समुद्रात त्यांची मासेमारी बंद ठेवावी लागली, आणि तेथील काँग्रेसने १७ कोटी डॉलर मंजूर केले. तेथेही पैसे हाती पडायला कित्येकदा वर्षे लागतात. त्या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. परंतु 'मासळी किती कमी आली' हा प्रश्न तेथे विचारता येतो, कारण उत्तर देणारी वही आहे.

आपल्याकडे अडते ते याच वहीपाशी. शेतीला पैसेवारी होती, २०१६ पासून दुष्काळ ठरविण्याची नवी संहिता आहे, बंदराला काय? राज्याची एकूण मोजणी संस्था करते, पण अमक्या गावच्या डोलीला गेल्या पाच वर्षांत किती बोंबील लागला, हे दाखविणारा कागद क्वचितच सापडतो. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तो दर्जा नुकसानीच्या वेळी उपयोगी पडायचा, तर पिकाच्या नोंदीसारखी मासळीची नोंद हवी.

आणि येथे एक अडचणीची गोष्ट बोललीच पाहिजे. वही खरी लिहिली, तर तिच्यात सर्वच येईल. पर्ससीनने घेरलेले थवे येतील, २०१७ पासून बंदी असलेल्या प्रखर दिव्यांवरची मासेमारी येईल, आणि २०२३ साली ५४ जातींसाठी किमान आकार ठरल्यानंतरही विकली जाणारी बोटभर पापलेटाची पिल्ले येतील. मासळी वादळाने गेली की हावेने, हा प्रश्न मग टाळता येणार नाही. रापणवाल्याला तो विचारला जावा असेच वाटते. ज्यांना वाटत नाही, त्यांची नावे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहेत. वही सोसायटीने लिहावी, परवाना अधिकाऱ्याने तपासावी, आणि तिच्यात नौकेबरोबर खलाशाचे व पाटी घेणाऱ्या बाईचेही नाव असावे. नारळी पौर्णिमेला नौका सुटतात, त्याच दिवशी तिचे पहिले पान उघडता येईल.