यीस्टचं पेशीविभाजन संपतं कसं? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्म ७ ऑगस्ट १९२५ रोजी कुंभकोणमला झाला. हरितक्रांतीमुळे त्यांचं नाव घरोघरी पोहोचलं, पण १९५२ मध्ये केंब्रिजला त्यांनी पीएच.डी. मिळवली ती बटाट्याच्या कुळातल्या बहुगुणिततेवर, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे दोनाहून अधिक संच असण्यावर. विभाजन अर्धवट राहून दुप्पट गुणसूत्रं एकाच पेशीत अडकणं, हा बहुगुणितता येण्याचा एक मार्ग. मग विभाजन पुरं झालं हे पेशी ठरवते कशी? याचं सविस्तर उत्तर यीस्टने दिलं आहे.

गैरसमज १ : विभाजन एकदा सुरू झालं की आपोआप संपतं.

वस्तुस्थिती : संपण्यासाठी स्वतंत्र आदेश लागतो. अमेरिकेत सिअ‍ॅटलला लेलंड हार्टवेल यांनी १९७०च्या सुमारास यीस्टचे असे उत्परिवर्ती प्रकार शोधले, जे तापमान वाढवताच विभाजनाच्या ठरावीक टप्प्यावर अडकतात. सीडीसी१४ किंवा सीडीसी१५ या जनुकांत बिघाड असलेल्या पेशींत गुणसूत्रं दोन टोकांना जातात. विभाजन मात्र तिथेच थांबतं. या कामासाठी हार्टवेल यांना २००१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

गैरसमज २ : गुणसूत्रं वेगळी झाली की काम झालं.

वस्तुस्थिती : ती योग्य जागी पोहोचली का, हेही तपासलं जातं. बेकरीच्या यीस्टमध्ये मातृपेशीला मुकुल फुटतो आणि गुणसूत्रांचा एक संच अरुंद मानेतून त्यात जावा लागतो. संच ओढणाऱ्या तुर्कतंतूंच्या टोकावर टेम१ नावाचं प्रथिन असतं. टोक मातृपेशीत असेपर्यंत बीएफए१ आणि बब२ ही प्रथिनं टेम१ला रोखून धरतात. मातृपेशीतलं किन४ हा ब्रेक पक्का ठेवतं, तर मुकुलातलं एलटीई१ किन४ला आवरतं. त्यामुळे टोक मुकुलात शिरल्यावरच ब्रेक सुटतो. मग टेम१, सीडीसी१५, डीबीएफ२ आणि मॉब१ अशी साखळी जागी होते. तोवर केंद्रकाच्या आतल्या केंद्रकीत अडकवून ठेवलेलं सीडीसी१४ हे विकर पेशीभर पसरतं आणि विभाजनासाठी प्रथिनांवर लावलेले फॉस्फेट काढून टाकतं. सीडीसी१४ केंद्रकीत कोंडलेलं असतं, हे १९९९ मध्ये उघड झालं. या शोधात अँजेलिका अ‍ॅमन यांच्या एमआयटीतल्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता.

गैरसमज ३ : शेवटी पेशीचे दोन सारखे तुकडे पडतात.

वस्तुस्थिती : मुकुलाच्या मानेशी प्रथिनांचं कडं आवळत जातं आणि त्याबरोबर कायटिनची भिंत उभी राहते. ती विरघळवणारं विकर मुकुलातून तयार झालेली जन्यपेशी बनवते, म्हणून काप तिच्या बाजूने जातो आणि मातृपेशीवर कायटिनचा व्रण उरतो. असे व्रण मोजून मातृपेशीने किती पिल्लं दिली ते कळतं. प्रयोगशाळेत एक मातृपेशी साधारण २० ते ३० वेळा विभागते आणि मग थांबते. स्किझोसॅकरोमायसिस पोम्बे हे दुसरं यीस्ट मात्र बरोबर मधोमध दुभंगतं; त्याच्या भिंतीचा आदेशही याच धर्तीच्या साखळीतून येतो.

गैरसमज ४ : गुणसूत्रं दुप्पट झाली की पेशीची हानीच होते.

वस्तुस्थिती : वनस्पतींत तसं नाही. आपल्या बटाट्यात १२ गुणसूत्रांचे चार संच, म्हणजे ४८ गुणसूत्रं आहेत. पोळीच्या गव्हात सातांचे सहा, म्हणजे ४२. माणसाच्या शरीरात मात्र अशा दुप्पट गुणसूत्रांच्या पेशीकडून पुढच्या विभाजनात गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. अनेक कर्करोगांत हेच दिसतं.

गैरसमज ५ : हे यीस्टपुरतंच आहे.

वस्तुस्थिती : १९८७ मध्ये पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की यीस्टमधल्या बिघडलेल्या सीडीसी२ जनुकाचं काम माणसाचं जनुक पार पाडतं. डीबीएफ२ आणि मॉब१ यांची भावंडंही आपल्या पेशींत आहेत. ती अवयवांच्या वाढीला आवर घालतात आणि ती निकामी झाल्यास गाठी वाढू शकतात.

म्हणून मूलभूत संशोधनासाठी यीस्टवर होणारा खर्च वायफळ मानू नये. निरोगी पेशी कुठे थांबते हे नीट कळलं, तरच न थांबणारी पेशी समजेल.