ब्रेन ट्यूमर १०-१५ वर्षांनी परत का येतो? तपासणी कधीपर्यंत करायची?

नांदेड, लातूरकडचे अनेक रुग्ण ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशनसाठी हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठतात. पुढची काही वर्षं रिपोर्ट चांगले येतात आणि घरचे निर्धास्त होतात. मग प्रवासाचा खर्च, बुडणारी मजुरी यामुळे तपासणी थांबते. पण मेंदूच्या काही गाठी पाच वर्षंच काय, पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतात.

असं का होतं?

मेनिंजिओमा ही मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ. ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. पण ती मोठ्या रक्तवाहिनीला किंवा डोळ्याच्या नसेला चिकटलेली असेल, तर थोडा भाग मुद्दाम ठेवावा लागतो. डॉ. डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ मध्ये आपल्या अभ्यासात हाच फरक दाखवला. चिकटलेल्या आवरणासकट गाठ काढलेल्यांपैकी ९ टक्के रुग्णांमध्ये ती परत आली. आवरण न काढता फक्त जाळलं, तिथे हे प्रमाण १९ टक्के होतं.

ग्लायोमाचं वेगळं आहे. त्याच्या पेशी चांगल्या मेंदूत पसरलेल्या असतात, त्यामुळे गाठीची हद्दच दिसत नाही. कमी ग्रेडचा ग्लायोमा वर्षाला साधारण ४ मिलिमीटर वाढतो. म्हणून उरलेल्या पेशींची गाठ स्कॅनमध्ये दिसायला अनेक वर्षं जातात. परत येताना तिचा ग्रेड वाढलेलाही असू शकतो.

तपासणी किती वर्षं?

ग्रेड १ मेनिंजिओमा पूर्ण काढला असेल, तर पहिली ५ वर्षं दरवर्षी आणि नंतर दर २ वर्षांनी एमआरआय करावा, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या सूचना सांगतात. ग्रेड २ साठी ५ वर्षं दर ६ महिन्यांनी, पुढे दरवर्षी. तुमचं वेळापत्रक मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

दरवेळी मुंबईलाच जायचं का?

गरज नाही. डॉक्टरांना विचारून एमआरआय नांदेड किंवा लातूरला काढता येतो आणि सीडी त्यांना पाठवता येते. त्यासाठी बायोप्सी रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद आणि जुन्या एमआरआयच्या सीडी जपून ठेवा. जुन्या स्कॅनशी तुलना केल्याशिवाय बदल कळत नाही. रेडिएशन झालेल्यांमध्ये तर प्रत्येक नवा डाग म्हणजे गाठच, असंही नसतं.

कधी थांबू नये?

फिट येणं, सकाळी वाढणारी डोकेदुखी आणि उलट्या, हातापायात कमजोरी, बोलण्यात, दिसण्यात किंवा वागण्यात बदल. यातलं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि जुनं ऑपरेशन आवर्जून सांगा.

गाठ परत आली म्हणजे सगळं संपलं, असं नाही. पुन्हा ऑपरेशन, रेडिएशन असे पर्याय असतात. गाठ लहान असताना सापडली, तर ते जास्त असतात.